गरिबाच्या बल्बमागे किती कार्बन? एक शोधनिबंध डहाणू-तलासरीतून वाचताना

ऊर्जा, गरिबी आणि हवामानबदल हे तीन शब्द एका वाक्यात आले की चौथा शब्द ठरलेला असतो: समतोल. सेमिनार असो की पीएचडीची मुलाखत, आपण सगळे तो वापरतो. डोळ्यांसमोर तराजू येतो. एका पारड्यात गरिबाच्या घरातली वीज, दुसऱ्यात पृथ्वीचं तापमान. एक वर गेलं की दुसरं खाली येणारच. पण हा तराजू खरंच असा आहे का, हे कुणी मोजून पाहिलंय का?

मोजलंय. शोनाली पचौरी यांचा एक छोटा शोधनिबंध २०१४ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये आला. भारतात घरोघरी वीज पोचली, त्याने कार्बन उत्सर्जनात किती भर पडली, एवढा एकच प्रश्न त्यात आहे. संशोधनाच्या तयारीत असाल तर तो वाचाच. लहान आहे, प्रश्न स्वच्छ आहे, आणि तो कुठे थांबतो हे समजून घेण्यातही बरंच शिकायला मिळतं. मी तो डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके समोर ठेवून वाचला. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे हे तालुके. तलासरीत दहातले नऊ लोक आदिवासी, डहाणूत दोन-तृतीयांशाहून जास्त. आणि डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॉटचं कोळशावरचं वीजकेंद्र. हा विषय तपासायला याहून बरी जागा शोधून मिळणार नाही.

निबंध काय सांगतो

१९८१ ते २०११ या तीस वर्षांत भारतात सुमारे ६५ कोटी लोकांच्या घरात नव्याने वीज आली. या काळात देशाचं उत्सर्जन जेवढं वाढलं, त्या वाढीत या घरांच्या थेट वीजवापराचा वाटा किती? जेमतेम ३ ते ४ टक्के. लेखिकेने शीर्षकातच या वाट्याला ‘क्षुल्लक’ म्हटलंय.

हा निष्कर्ष मोठा आहे. ‘हवामानाचं बघत बसलो तर गरीब अंधारात राहील’ हे वाक्य अनेक वर्षं दोन्ही बाजूंनी वापरलं गेलं. श्रीमंत देशांनी काळजी म्हणून, आपल्याकडच्या प्रकल्पवाल्यांनी ढाल म्हणून. निबंधाने या वाक्यामागचं गृहीतकच काढून घेतलं. घरात दिवा लागणं आणि पृथ्वी तापणं यांच्यात निदान तसा थेट झगडा नाही.

डहाणूचा पाठीमागच्या पानावरचा हिशोब

दुसऱ्याचा आकडा आपल्या ओळखीच्या जागी बसतो का, हे स्वतः करून बघायची सवय लावून घ्या. कॅल्क्युलेटरही पुरतो.

५०० मेगावॉटचं केंद्र ८० टक्के क्षमतेने चाललं असं धरू. वर्षाला साधारण ३५० कोटी युनिट वीज होते. कोळशाच्या एका युनिटमागे ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला सुमारे ३५ लाख टन.

आता पाड्यावरचं घर घ्या. तीन दिवे, एक पंखा, मोबाइलचं चार्जिंग, कधी टीव्ही. महिना ३० युनिट धरा, वर्षाचे ३६०. दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास होती. घरात पाच माणसं धरली तर एक लाख दहा हजार घरं. सगळ्यांनी मिळून वर्षाला वापरलेली वीज सुमारे ४ कोटी युनिट.

केंद्र एका दिवसात जवळपास एक कोटी युनिट बनवतं. म्हणजे दोन तालुक्यांतल्या प्रत्येक घराला वर्षभर पुरेल एवढी साधी वीज, उशाशी असलेलं केंद्र चार दिवसांत तयार करतं. माझी गृहीतकं दुप्पट चुकली असं धरा, तरी आठ दिवस होतात. निबंधातलं ‘क्षुल्लक’ इथेही टिकतं.

मग उरलेले ३६१ दिवस? हे केंद्र बीएसईएसने उभारलं, १९९५ पासून ते चालू आहे. पुढे ते रिलायन्सकडे आणि २०१८ साली अदानींकडे गेलं. मालक बदलले, ग्राहक तोच राहिला: मुंबईची उपनगरं. डहाणूतल्या घराला वीज महावितरण देतं. ग्रिडमध्ये वीज मिसळते, तिच्यावर नाव लिहिलेलं नसतं, हे भौतिकशास्त्र मान्य. पण केंद्र कुणाच्या मागणीसाठी उभं राहिलं, यावर ग्रिडमुळे पडदा पडत नाही.

निबंध इथे थांबतो

माझा पहिला आक्षेप विश्लेषणाच्या एककावर आहे. निबंधाचं एकक ‘देश’ आहे. प्रश्न राष्ट्रीय उत्सर्जनाचा असल्याने ते योग्यच. पण देश हे एकक घेतलं की लाभ कुठे आणि ओझं कुठे हे दिसेनासं होतं. कार्बन डायऑक्साइडला त्याने फरक पडत नाही, तो कुठूनही निघाला तरी सगळ्या वातावरणाचा होतो. राख आणि गंधक डायऑक्साइड मात्र पत्ता सोडत नाहीत.

डहाणूचा इतिहास याच पत्त्यावरून घडला. वीजकेंद्राच्या मंजुरीला लोकांनी न्यायालयात आव्हान दिलं, तरी प्रकल्प झाला. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. उद्योगांसाठी ५०० एकरांची मर्यादा आणि भोवती २५ किलोमीटरचा पट्टा. १९९६ साली बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि त्याच वर्षी न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. या प्राधिकरणाने १९९९ साली वीजकेंद्राला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला सांगितलं. ती चालू झाली २००७ साली. देशभरच्या औष्णिक केंद्रांना गंधक डायऑक्साइडचे निकष लागू झाले ते २०१५ च्या डिसेंबरात, आणि त्यांच्या मुदती वारंवार पुढे गेल्या. चिकूच्या वाड्या आणि मासेमारी असलेल्या एका तालुक्याने ही गोष्ट देशाच्या आठ वर्षं आधी मिळवली होती.

इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जरा थांबावं. ही यंत्रणा गंधक पकडते, कार्बन नाही. उलट ती चालवायला केंद्राचीच थोडी वीज जाते. म्हणजे डहाणूकरांचा विजय हवामानाच्या रकान्यात शून्य, किंवा किंचित वजा. हवेच्या आणि बागांच्या रकान्यात मात्र तो खरा आहे. ‘पर्यावरण’ हा एकच चल धरला तर हा फरक हातातून निसटतो. सिनॉप्सिसमध्ये ‘पर्यावरणीय परिणाम’ असं लिहिणार असाल, तर आधी कुठला परिणाम ते लिहा.

‘वीज पोचली’ म्हणजे काय?

दुसरा आक्षेप चलाच्या व्याख्येवर. घरगुती पाहणीत वीज आहे किंवा नाही, एवढंच साधारण नोंदलं जातं. सरकारी व्याख्या तर आणखी उदार होती. २००४ पासून गावातल्या १० टक्के घरांत आणि शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक जागी वीज आली की गाव विद्युतीकृत. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातलं शेवटचं गाव विद्युतीकृत झाल्याचं जाहीर झालं, ते याच व्याख्येने. घरागणिक जोडणीसाठी ‘सौभाग्य’ ही वेगळी योजना तोवर सुरू करावी लागली होती.

जोडणी आली असं धरू. गरिबी किती हटली? तलासरीचा तरुण सकाळी वापी-उंबरगावच्या कारखान्यांत जातो. भातकापणी झाली की कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, कितीतरी पुरुष गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून. घरात बल्ब आहे, पण सहा-सात महिने त्या बल्बखाली बसायला माणूस नाही. निबंधात असं घर ‘वीज पोचलेलं’ म्हणून मोजलं जाईल. त्यात खोटं काही नाही, पण त्यातून गरिबीबद्दल फार थोडं कळतं.

शिवाय चूल. निबंध विजेपुरता आहे, म्हणून स्वयंपाकाचं इंधन त्यात नाही. पाड्यावरच्या बाईचा ऊर्जेचा प्रश्न मात्र मोळीपासून सुरू होतो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस-जोडण्या मिळाल्या, तरी दुसरा सिलिंडर भरताना मजुरीचा हिशोब आडवा येतो आणि चूल पुन्हा पेटते. ऊर्जा आणि गरिबीचा विषय घेऊन लाकूडफाटा सोडला, तर अर्ध्या घराची पाहणी केल्यासारखं होईल.

उलट बाजूचा आक्षेप

निबंधावरची सर्वांत जोरदार टीका मात्र वेगळीच आहे आणि ती टाळू नये. टीकाकार म्हणेल, गरिबी बल्बने हटत नाही. ती कारखाना, रस्ता, सिमेंट, पोलाद यांनी हटते आणि तिथे कार्बन लागतो. थेट घरगुती वापर मोजून तुम्ही सोपा भाग निवडलात. यात तथ्य आहे. अप्रत्यक्ष वापर धरला की वाटा वाढतो, हे लेखिकेलाही मान्य आहे. याच वाटेवर पुढे नरसिंह राव आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ‘नेचर एनर्जी’त नीटनेटक्या जगण्याला घर, अन्न, आरोग्य, प्रवास सगळं धरून किती ऊर्जा लागते, हे भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेसाठी मोजलं. दोन्ही निबंध जोडीने वाचा.

पण हा आक्षेपही डहाणूत आणून तपासायला हवा. मोठा प्रकल्प म्हणजे स्थानिकांची गरिबी कमी, हे आपोआप होतं का? वाढवणचं बंदर १९९८ साली प्राधिकरणाने नाकारलं होतं. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांनी पायाभरणी केली. खर्च ७६ हजार कोटींच्या वर. मच्छीमारांचा विरोध आहे. रोजगार येईल म्हणून आशेने बघणारेही आहेत, आणि वापीला रोज ये-जा करणाऱ्या तरुणाला ती आशा वाटली तर तिला हसण्याचा अधिकार मुंबई-पुण्याच्या अभ्यासकाला नाही. म्हणूनच इथे ‘समतोल’ म्हणून भागत नाही. किती नोकऱ्या, कुठल्या शिक्षणाच्या, कुठल्या पाड्यातल्या माणसाला, आणि किती होड्यांचं पाणी गेलं, हे त्याच पाड्यांवर आणि त्याच किनाऱ्यावर मोजावं लागेल. तीस वर्षं वीजकेंद्र शेजारी असलेल्या तालुक्यात हा प्रश्न विचारायला भरपूर आधार आहे.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

या निबंधाचं माझ्या लेखी मोल मोठं आहे. ‘गरिबांसाठी’ म्हणून पुढे केलेला कार्बन गरिबांच्या घरात जळत नाही, हे त्याने आकड्यात दाखवलं. तो कुठे जळतो आणि धूर कुणाच्या अंगणात पडतो, हे काम त्याने आपल्यासाठी सोडलंय. या विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल तर पहिल्या पानावर ‘समतोल’ लिहिण्याआधी चार रकान्यांचा तक्ता करा: वीज कुणी वापरली, पैसे कुणाला मिळाले, धूर कुणी घेतला, निर्णय कुणी केला. प्रत्येक रकान्यात गावाचं नाव लिहा. चारही रकान्यांत एकच नाव आलं तर तराजू ठीक आहे, तो खुशाल वापरा. डहाणूसाठी मी हा तक्ता भरला, तेव्हा चार रकान्यांत एकच नाव काही आलं नाही.