शेजार : पुस्तकातला आणि दारातला

आमच्या नगरात नवी ओळख झाली की नावगाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "राहायला कुठे?" उत्तर एका शब्दाचे असते. माळीवाडा, तोफखाना, सर्जेपुरा, झेंडीगेट, भिंगार, सावेडी. विचारणाऱ्याला तेवढे पुरते. त्या एका शब्दावरून तो समोरच्या माणसाचा धंदा, देव, मिळकत आणि त्याच्या ताटात काय वाढले जात असेल, ह्या सर्वांचा अंदाज बांधून मोकळा होतो. अंदाज पुष्कळदा चुकतो. पण म्हणून कोणी तो बांधावयाचे सोडीत नाही. १४९० साली अहमद निजामशहाने वसविलेल्या ह्या शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. शहराची पाटी बदलली, पण माळीवाडा माळीवाडाच राहिला आणि तोफखान्यात तोफ नसूनही तो तोफखानाच राहिला. माणूस शहरात राहतो हे कागदावर खरे. प्रत्यक्षात तो आळीत राहतो.

तेव्हा आळीत राहणे म्हणजे नेमके काय, हे आपल्या मराठी पुस्तकांनी आपल्याला कितपत सांगितले आहे, हा आजचा विषय. मी समीक्षक नव्हे. मुलांना मराठी शिकवितो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे शास्त्रीय परिभाषा वाचकांनी माझ्याकडून अपेक्षू नये. पुस्तक मिटल्यावर त्यातल्या वस्तीत आपण चार दिवस राहून आलो असे वाटते की नाही, एवढी एकच कसोटी मला ठाऊक आहे.

त्या कसोटीवर पाहिले, तर आपल्याकडे वस्तीवरचे बहुतेक लिखाण हे आठवणींचे लिखाण आहे. दिवाळी अंक उघडावा तर कुठे ना कुठे वाडा सापडतोच. चौक, तुळशीवृंदावन, पारिजातकाचा सडा, नळावरची भांडणे आणि रात्रीच्या अंगणातल्या गप्पा. सगळे बिऱ्हाडकरू जणू एका कुटुंबातले! हे वाचावयास गोड लागते आणि ते खोटेही नसते. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी : वाडा पडतो, तिथे इमारत उठते, लेखक दुसरीकडे राहावयास जातो, आणि मग वाड्यावर लेख होतो. शेजाराचे सुख वर्णन करणारा बहुधा त्या शेजारातून सुटलेला असतो. शिवाय त्या 'एका कुटुंबा'त कोण नव्हते, हे तो सांगत नाही. मागच्या दाराने येऊन मागच्याच दाराने जाणारी माणसे चौकाच्या आठवणीत कधी बसलेली दिसत नाहीत.

पु. ल. देशपांडे ह्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली आली आणि मराठी घराघरांत ती इतकी रुळली की, ती चाळ मुंबईत शोधू जाणारेही निघाले असतील. त्या पुस्तकाची थोरवी मला मान्य आहे. त्यातला उपासाचा प्रसंगच घ्या. एक गृहस्थ वजन उतरविण्याचा निश्चय करतो आणि अख्खी चाळ सल्ला द्यावयास लोटते. एक म्हणतो हे खाऊ नका, दुसरा म्हणतो ते खाऊ नका. शेवटी खाण्यासारखे काही उरतच नाही. आळीत राहणे म्हणजे काय, ह्याचे इतके नेमके वर्णन दुसरीकडे सापडणे कठीण. तिथे आपले पोटसुद्धा आपले एकट्याचे नसते! शेवटी 'चिंतना'त लेखक हसू बाजूला ठेवतो, तेव्हा वाचकाचाही गळा दाटून येतो.

पण ह्या चाळीला एक मर्यादा आहे आणि ती प्रेमाने का होईना, सांगितली पाहिजे. तिच्यातले त्रिलोकेकर काय किंवा बर्वे काय, बोलण्याच्या तऱ्हेने आणि स्वभावाने कितीही निराळे असले, तरी सारे जवळजवळ एकाच पायरीवर उभे आहेत. तुटपुंजी मिळकत सर्वांची सारखी आणि अब्रूची काळजीही सारखी. कोणी कोणाच्या खोलीत जावे की न जावे, हा प्रश्नच तिथे उठत नाही. म्हणून तिथल्या भांडणाचा विनोद होऊ शकतो. ज्याच्या तोंडावर दार बंद होण्याचे भय नाही, त्यालाच दाराची थट्टा करता येते.

तीच मुंबई, अवघ्या सात वर्षांनी, भाऊ पाध्ये ह्यांच्या 'वासूनाका'त येते. १९६५ साली हे पुस्तक निघाले तेव्हा अश्लीलतेवरून केवढे वादळ उठले होते! आचार्य अत्र्यांनी त्यावर तोफ डागली होती. आज वाचताना वाटते, लोकांना शिव्यांचा राग आला, की आपली वस्ती नाक्यावरून कशी दिसते हे कोणी उघड केले ह्याचा? चाळीचा गॅलरीतून दिसणारा रस्ता आणि नाक्यावर उभ्या असलेल्या बेकार पोरांना दिसणारी चाळ, ही एकाच वस्तीची दोन चित्रे होत. दुसरे चित्र काढणाऱ्यास आपण फार काळ घरात घेतले नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. कारण शेजाराची सीमा नेमकी कोठे असते हे दाखविणारी दोन उत्तम मराठी पुस्तके नगर जिल्ह्याशी जोडलेली आहेत, आणि ती एकमेकांशेजारी ठेवून सहसा वाचली जात नाहीत.

पहिले लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्याचा कहर होता. वडील बाहेरून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावयास लावीत. अशा घरातली ही मुलगी. तिचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि नगरच्या अमेरिकन मिशनच्या कामात आले. हे मिशन १८३१ पासून नगरात होते, आणि 'ज्ञानोदय' १८४२ साली इथेच सुरू झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरास पतीकडे आल्या. पण आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली. संसार एक आणि स्वयंपाकपाणी वेगळे! आपल्याच नवऱ्याच्या घरात शेजारीण होऊन राहण्याची ही पाळी मराठी वाङ्मयात दुसऱ्या कोणावर आली असेल असे वाटत नाही.

पुढे राहुरीस असताना त्यांनी विचार करकरून निर्णय घेतला : माणूस देवाने केला, जात माणसाने केली. मग कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा बाप्तिस्मा नव्हे. महत्त्वाचे ते त्याआधीचे दिवस. एका वस्तीत राहावयाचे आणि तिथले पाणी प्यावयाचे नाही, ह्यात दिवसभर किती लहान लहान खटपटी कराव्या लागतात, हे त्यांच्या पुस्तकाने आपल्याला कळते. आणि त्या ते कोणावर ठपका ठेवून सांगत नाहीत. स्वतःला हसत सांगतात. पूर्वीच्या स्वतःला त्या माफही करीत नाहीत आणि तिची निंदाही करीत नाहीत. पुढच्या काळात ह्याच टिळकांच्या नगरच्या घरात बालकवी ठोंबरे येऊन राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागविले. मीठ धुणाऱ्या घरातून निघालेली बाई इथवर आली होती.

दुसरे पुस्तक दया पवार ह्यांचे 'बलुतं', १९७८ सालचे. दया पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. लहानपण काही गावात आणि काही मुंबईत, नागपाड्याजवळच्या कावाखान्यात गेले. वडील गोदीत कामाला, वस्तीतल्या बायका चिंध्या-कागद वेचावयास जाणाऱ्या, एकेका खोलीत आडोसे करून राहणारी बिऱ्हाडे आणि पलीकडेच कामाठीपुरा. गावकुसाबाहेरचा महारवाडा आणि शहराच्या पोटातला कावाखाना, ह्या दोहोंत हा मुलगा जातयेत राहतो. गाव सोडले तरी गावाने आखून दिलेली जागा सुटत नाही, ती शहरात निराळ्या नावाने भेटते, हे 'बलुतं'च्या पानापानांतून कळते. पुस्तकाची मांडणीही विलक्षण आहे : दगडू पवार आपली हकिकत दया पवारांना सांगतो. म्हणजे वस्तीत राहिलेला आणि वस्ती सोडून शिकलेला, हे दोघे समोरासमोर बसतात. आठवणींच्या लेखात जो एकटाच बोलतो त्याला इथे उत्तर देणारा भेटला आहे. म्हणून ह्या आठवणींत गोडवा साचत नाही. आपल्या माणसांचे दारू पिणे, भांडणे, मायाळूपणा, सगळे तो सारख्याच आवाजात सांगतो. त्यांना देवही करीत नाही आणि दीनही करीत नाही. त्यांच्याच समाजातल्या काहींना हे झोंबले, ह्यात नवल नाही. शेजारी खरे बोलला की झोंबतेच.

ही दोन पुस्तके एकत्र ठेवली म्हणजे एक गोष्ट लख्ख दिसते. लक्ष्मीबाईंपुढे दार होते आणि ते उघडणे त्यांच्या हातात होते. दगडूपुढे दार होते आणि त्याची कडी आतून होती. दोघांचे लिखाण थोर आहे, पण दोघांचे दुःख एक नव्हे, आणि एकाचे मोठेपण सांगून दुसऱ्याचा हिशेब चुकता होत नाही. 'पूर्वी सगळे किती मिळूनमिसळून राहात' असे म्हणणाऱ्याने हे वाक्य आपण कोणत्या बाजूने बोलतो आहोत, हे एकदा पाहावे. कडीच्या आतून, की बाहेरून?

हा सगळा इतिहास झाला असे कोणी म्हणेल. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या गावांकडून खापरी नळांनी नगरात पाणी आणले होते. आता मुळा धरणाचे पाणी येते, तेही राहुरी तालुक्यातूनच! पाणी एकच, कोणाच्याही तोटीला तेच. विटाळाचा प्रश्न नळाने सोडविला खरा. पण नळ घरात आल्यावर पाण्यासाठी भेटणेही संपले. भांडण गेले, त्याबरोबर ओळखही गेली. वाढलेल्या सावेडीत जिना एक आणि दारे आठ असतात. समोरच्या दारावरचे आडनाव आपण वाचतो, माणूस वाचीत नाही. आणि भाड्याने घर पाहावयास गेलेल्या माणसाला आजही भाडे सांगण्याआधी आडनाव विचारले जाते. जुनी सीमा पुसली नाही. ती पाणवठ्यावरून उठून दाराच्या पाटीवर जाऊन बसली.

वर्गात मी 'आमची गल्ली' असा निबंध देतो. चाळीस वह्यांपैकी अडतीसांत एकच गल्ली असते : स्वच्छ, सुंदर, सर्व सण आनंदाने साजरी करणारी. हे मुलांनी पुस्तकातून उचललेले असते. एका वर्षी एका मुलीने मात्र लिहिले, की दिवाळीला आई फराळाची ताटे भरते आणि कोणते ताट कोणत्या घरी द्यावयाचे ते सांगते. समोरच्या घरी ईदला शिरखुर्मा येतो म्हणून तिथे मोठे ताट जाते, आणि कोपऱ्यावरच्या एका घरी ताट का जात नाही, हे विचारले तर आई उत्तर देत नाही. निबंधात शुद्धलेखनाच्या पुष्कळ चुका होत्या. वस्तीवरचे इतके खरे गद्य मी त्या वर्षी दुसरे वाचले नाही. आपल्या गल्लीचा नकाशा त्या मुलीने भिंतींनी काढला नव्हता, ताटांनी काढला होता.

लेखकमित्रांना माझे सांगणे एवढेच आहे की, ह्यापुढे वाड्यावर, चाळीवर, सोसायटीवर जरूर लिहा; पारिजातकही असू द्या. पण रुमालाने झाकलेले ताट घेऊन निघालेल्या मुलीबरोबर चार पावले चाला, आणि ती ज्या दाराशी थांबत नाही त्या दाराचेही वर्णन करा. नगरच्या गल्ल्यांवर अशी एक कादंबरी अजून व्हावयाची आहे. ती कोणी लिहो, माळीवाड्यातला लिहो की कोपऱ्यावरच्या त्या घरातला. त्या घरातल्याने लिहिली, तर मी आधी वाचीन.

आणि वाचकहो, ह्या चार दिवसांत तुमच्याही घरी ताटे भरली जातील. कोणती पुस्तके चांगली हे सांगणे माझे काम होते, ते मी केले. कोपऱ्यावरच्या घरी ताट न्यावयाचे की नाही, हे ठरविणे तुमच्या हाती आहे.