बुरशीची मोजणी आणि ओलीचा शोध

घरातील बुरशी आरोग्यास कितपत अपायकारक आहे, हा वैद्यकाचा प्रश्न होय. ती घरात किती आहे हे कसे ठरवावे, हा मापनाचा. मापन सदोष असेल, तर त्यावर उभारलेले वैद्यकीय अनुमानही डळमळीत होते. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी झालेले अन्वेषण या दृष्टीने पुन्हा तपासून पाहण्याजोगे आहे.

जानेवारी १९९३ ते नोव्हेंबर १९९४ या काळात त्या शहरातील काही तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाल्याचे आढळले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्याचे अन्वेषण हाती घेतले. १० रुग्ण अर्भकांच्या घरांची ३० निरोगी अर्भकांच्या घरांशी तुलना करण्यात आली. ओल्या कागदावर आणि पुठ्ठ्यावर वाढणारी ‘स्टॅकीबॉट्रिस’ ही काळी, विषोत्पादक बुरशी रुग्णांच्या घरांतील हवेत अधिक आढळली, आणि रोगाशी तिचा संबंध असल्याचे अनुमान प्रसृत झाले.

पुढे केंद्राने स्वतःच्या व बाहेरच्या तज्ज्ञांकरवी या कामाची फेरतपासणी करविली. मार्च २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या वृत्तान्तानुसार, रुग्णांची घरे कोणती याचा अचूक तर्क नमुने घेणाऱ्यांना पुष्कळ ठिकाणी करता आला होता. रुग्णांच्या घरांतून हवेचे नमुनेही दुप्पट घेतले गेले. शिवाय यंत्राने गालिचे झाडून, हवेच्या नळ्या आणि सामान ठोकून बीजाणू हवेत उडविण्यात आले. या कृतीला ठराविक प्रमाण नव्हते. संबंध सिद्ध झालेला नाही, असा अभिप्राय केंद्राने दिला.

या दोषांचे स्वरूप एकच नाही. स्टॅकीबॉट्रिसचे बीजाणू चिकट असतात. ओल कायम असेतो ते सहसा उडत नाहीत. तेव्हा शांत हवेच्या नमुन्यात ते न आढळणे हा बुरशी नसल्याचा पुरावा ठरत नाही, आणि धूळ उडविण्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. खरी उणीव विषमतेत आहे. ज्या घरी सापडावे अशी अपेक्षा, तेथे अधिक शोध घ्यायचा, आणि अधिक सापडले म्हणून अपेक्षा खरी ठरली असे मानायचे, हे तर्कशास्त्रातील चक्रक होय. नमुना घेणारा घराच्या इतिहासाविषयी अनभिज्ञ असता आणि प्रत्येक घरी कृती समान असती, तर तीच साधने उपयोगी पडली असती.

साधनांच्या मर्यादा निराळ्याच आहेत. संवर्धनपद्धतीत केवळ जिवंत आणि त्या पोषकद्रव्यावर वाढू शकणारे बीजाणू मोजले जातात. सूक्ष्मदर्शकाखाली मृत बीजाणूही दिसतात. परंतु पेनिसिलियम आणि ॲस्परजिलस यांचे सुटे बीजाणू तेथे एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. काही मिनिटांचा नमुना त्या काही मिनिटांपुरताच बोलतो. सूक्ष्मजीवांच्या कोणत्या संख्येपासून अपाय सुरू होतो, अशी आरोग्याधिष्ठित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेनेही सुचविलेली नाही. ओल टाळावी आणि दूर करावी, यावर तिचा भर आहे.

तथापि यावरून बुरशी निरुपद्रवी ठरत नाही. ओलसर वास्तू आणि खोकला, श्वासातील घरघर व दम्याची लक्षणे यांचा संबंध दर्शविणारा पुरेसा पुरावा असल्याचे अमेरिकेच्या वैद्यकसंस्थेने २००४ मध्येच मान्य केले आहे. म्हणून परीक्षकाचे पहिले काम पाणी कोठून येते हे शोधण्याचे आहे : गळणारे छप्पर, फुटकी नळी, थंड भिंतीवर साचणारे दव. भिंतीवर बुरशी डोळ्यांस दिसत असता तिची गणती बहुधा अनावश्यक असते. नमुना घ्यावयाचाच असेल, तर कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आणि कोणत्या निकालाने कृती बदलेल, हे आधी ठरले पाहिजे. क्लीव्हलँडच्या अर्भकांच्या आजाराचे कारण शोधणे अत्यावश्यकच होते. आणि त्याचमुळे तेथे मापनाची शिस्त अधिक कठोर असावयास हवी होती. ती नसल्याने एका बुरशीचे नाव सर्वतोमुखी झाले, मूळ प्रश्न मात्र अनिर्णित राहिला.