पहाटेचा माज, संध्याकाळची कांडी

कृत्रिम रेतनाचं कौतुक निघालं की ते वळूच्या वाट्याला जातं: त्याची आई किती दूध द्यायची, त्याच्या लेकी किती देतात. वळू हवाच. पण मला दाद द्यावीशी वाटते ती गोठ्यातल्या पाच-सात मिनिटांच्या कामाला.

हे काम गोठ्यात होतं, यातच अर्धी प्रतिभा आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला ‘बायफ’ उभी केली. दोन गायींच्या शेतकऱ्यानं माजावरची गाय हाकत दवाखाना गाठायचा नाही, रेतन करणाऱ्यानंच त्याच्या दारी जायचं, हा त्या संस्थेच्या कामाचा कणा.

सुरुवात मात्र रेतन करणाऱ्याच्या हाती नसते. पहाटे धारेला बसलेल्या बाईला ती आधी कळते. गाय हंबरते, दूध आखडते, पारदर्शक चिकट सोट टाकते, दुसरी अंगावर चढली तरी निमूट उभी राहते. निरोप गेल्यावर जाणता माणूस गाडीला किक मारण्याआधी विचारतो, “कधीपासून?” माज सकाळी दिसला तर कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी, संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज साधारण १२ ते १८ तास टिकतो, स्त्रीबीज सुटतं तो ओसरल्यावर १०-१२ तासांनी आणि सुटल्यावर ते फार काळ तग धरत नाही. शुक्राणूंनाही सज्ज व्हायला काही तास लागतात. त्यांनी आधी पोचून वाट पाहत थांबायचं. घाईनं दुपारीच उरकणाऱ्याला हा ताल कळलेलाच नसतो.

मग नायट्रोजनचं भांडं. आत उणे १९६ अंश, कांडीत पाव मिलिलिटर वीर्य. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट, आणि मग कोरडी पुसायची. पाण्याचा थेंबही आत गेला तर शुक्राणू मरतात. डावा हात गुदमार्गातून आत, उजव्या हातात रेतनाची गन. गर्भाशयाचं मुख बोटांनी धरायचं, त्यातली वळणं न बघता ओलांडायची. नवशिका गन पुढे रेटतो. मुरलेला हात पायजम्यात नाडी ओवावी तसा मुखच गनवर चढवत नेतो. मुख ओलांडलं की थांबायचं आणि सावकाश सोडायचं. अशा हाताखाली गाय पाय झाडत नाही, इकडे पाहणाऱ्यानं लक्ष द्यावं.

या सगळ्यात एक दगा आहे. भांड्यातला नायट्रोजन मध्येच आटला असेल तर आतलं सारं मेलेलं असतं, आणि कांडी दिसते तशीच. २१ दिवसांनी गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, की दोष गायीला.

माणदेशी खिल्लारीला, जिच्या खोंडावर घर चालतं, डोळे झाकून होल्स्टीनची कांडी भरणं मला कसबात कितीही सफाई असली तरी बेसूर वाटतं. काय हवंय, दूध की बैल, हे आधी घरात विचारावं.

चांगला माणूस अडीच-तीन महिन्यांनी गाभण तपासायला पुन्हा येतो आणि कांडीवरचा वळूचा क्रमांक त्यानं वहीत उतरवलेला असतो. होणारी कालवड उद्या माजावर येईल तेव्हा तिच्यासाठी बापाचीच कांडी निघू नये, म्हणून तो क्रमांक लागतो. वही मागून बघावी. तो रकाना भरलेला असेल तर पुढची गायही त्याच हाती द्यावी.