सूड, शेला आणि पीतांबर

अलिबागहून पेणला गणपती ठरवायला निघालो, तेव्हा भाच्याच्या काखोटीला क्लिंगॉन भाषेचा शब्दकोश होता. क्लिंगॉन म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधले परग्रहावरचे लढवय्ये. त्यांची भाषा रचली मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने. कोश १९८५ साली छापला. व्याकरण मला आवडले. आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता : ‘गणपती रंगवतो मी!’ आमच्याकडे रागावलेला माणूस असाच बोलतो; त्यासाठी परग्रह कशाला?

शब्दांचे मात्र अवघड आहे. चित्राला म्हणतात ‘सपाट दगड’ आणि ब्रशाला ‘रंगाची काठी’. हिरवा, निळा, पिवळा या तिघांना मिळून एकच शब्द, उच्चार जवळजवळ आपल्या ‘सूड’सारखा. निळाच हवा असेल, तर पुढे ‘आकाशासारखा’ असे शेपूट जोडायचे. तेवढे क्षम्य आहे. आपणही आमसुली, अबोली म्हणतोच की!

कारखान्यात भाच्याने हे सगळे कारागिरांना ऐकवले.

“म्हणजे पीतांबर सूड आणि शेलाही सूड? मग पोराला डबा कुठला आण म्हणून सांगायचं?”

इतकेच बोलून ते मूर्तीच्या डोळ्यांकडे वळले.

“डोळे रंगवताय का?” मी विचारले.

“रंगवतात ते पाट नि दारं. डोळ्यांची आखणी असते.”

ओक्रँडसाहेबांचा कोश इथे तोकडा पडतो. लढवय्यांची भाषा त्यांनी ऐटीत उभी केली, पण हातात ब्रश धरणारा माणूस तिच्यात कधी बोललेलाच नाही. भाचा ‘आखणी’ शोधत पाने उलटत होता. कारागिरांनी श्वास रोखून दुसऱ्या डोळ्याला ब्रश टेकवला, तशी त्याने पानांची फडफड थांबवली.