किरकोळ माहितीचें मोल : एक पेठ व तिचा फुटबॉल संघ

एखाद्या नगरांतील एक पेठ घ्यावी, त्या पेठेचा जो फुटबॉल संघ असेल तो घ्यावा, आणि त्या दोहोंविषयींचे वीसपंचवीस माहितीचे तुकडे एकाखालीं एक मांडून 'हें आपणांस ठाऊक होतें काय ?' असा प्रश्न वाचकांस टाकावा, हा लेखनप्रकार आतां आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. स्पर्धांच्या स्मरणिकांत तो असतो, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत असतो, आणि मुलांच्या प्रश्नमंजूषांचें तर त्यावांचून चालतच नाहीं. संघाचें नांव कसें पडलें, सदऱ्याचा रंग कोठून आला, अमक्या चौकाला तमकें नांव कां मिळालें, अशा गोष्टी वाचावयास गोड लागतात हें आम्हांस मान्य आहे. घरांतील वडील मंडळी हें पान पाहून नाक मुरडतात, आणि त्याच घरांतील मुलें तें पाठ करतात. आमच्या मतें ह्या दोन्ही पक्षांची चूक होत आहे. असलें लेखन टाकाऊ नाहीं, आणि तें जसें आहे तसें पुरेसेंही नाहीं. म्हणून इतर वाङ्मयाला लावतों तीच कसोटी ह्याही लेखनाला लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

माहिती क्षुल्लक केव्हां ठरते ? विषय लहान असला म्हणजे ती क्षुल्लक ठरते, अशी सामान्य समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. राजाच्या मुकुटांत किती हिरे होते ही माहिती मोठ्या माणसाविषयीं असूनही क्षुल्लक असूं शकते. आणि एका गल्लींतील पोरांनीं आपल्या संघाला कोणतें नांव दिलें ही माहिती, तिचें कारण कळल्यास, त्या नगराचा अर्धा इतिहास सांगून जाते. माहिती क्षुल्लक होते ती तिच्या कारणापासून तोडल्यामुळें. तेव्हां अशा प्रत्येक तुकड्याला तीन प्रश्न विचारावे : हें केव्हां झालें, कां झालें, आणि त्यापायीं कोणाला काय सोसावें लागलें ? पहिल्या प्रश्नाचें उत्तर बहुधा असतें, दुसऱ्याचें क्वचित् असतें, आणि तिसरा प्रश्न तर कोणी विचारीतच नाहीं.

ज्या देशांत हा खेळ वाढला तेथील एक उदाहरण प्रथम घेऊं. लंडन शहरांत भुयारी रेल्वेचें 'आर्सेनल' ह्या नांवाचें एक स्थानक आहे. त्याचें मूळचें नांव गिलेस्पी रोड. 1932 सालीं तें बदलून जवळच्या फुटबॉल संघाचें नांव त्याला देण्यांत आलें. प्रश्नमंजूषेला एवढें पुरतें. परंतु आर्सेनल म्हणजे शस्त्रागार, आणि उत्तर लंडनच्या ह्या वस्तींत शस्त्रागार कोठून आलें, हा प्रश्न चौकस वाचकाच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं. हा संघ मूळचा तेथील नव्हेच. 1886 सालीं थेम्स नदीच्या दक्षिणेस वुलिच येथील सरकारी शस्त्रागारांतल्या कामगारांनीं तो काढला. पुढें त्या आडबाजूच्या वस्तींत पुरेसे प्रेक्षक मिळेनात, पैशाची ओढाताण होऊं लागली, आणि 1913 सालीं चालकांनीं संघ नदीपलीकडे उत्तरेस नेला. म्हणजे ज्या स्थानकाच्या पाटीकडे एका वस्तीनें अभिमानानें पाहावें, तीच पाटी दुसऱ्या वस्तीला आपलें काय गेलें ह्याची आठवण करून देणारी आहे. ही दुसरी बाजू कळली कीं तोच तुकडा करमणूक न राहतां इतिहास होतो.

दुसरें उदाहरण थोडें निराळें आहे. दक्षिण अमेरिकेंतील ब्युनॉस आयरिस नगरांत ला बोका ही बंदराची वस्ती आहे. इटलींतून आलेल्या कुटुंबांतील तरुणांनीं 1905 सालीं तेथें बोका ज्युनियर्स हा संघ स्थापिला. संघाला रंग कोणता घ्यावा ह्याचा वाद पडला, तेव्हां बंदरांत जें पुढचें जहाज येईल त्याच्या निशाणाचे रंग घ्यावे असें ठरलें. जहाज स्वीडनचें निघालें, म्हणून निळा व पिवळा हे रंग आले, अशी कथा सांगतात. कथा मोठी चटकदार आहे, आणि चटकदार आहे म्हणूनच टीकाकारानें सावध राहिलें पाहिजे. आख्यायिकेला आख्यायिका म्हणावें, इतका प्रामाणिकपणा ह्या लेखनाला हवा. परंतु ती आख्यायिका आहे म्हणून फेंकून द्यावी असेंही नाहीं. असली गोष्ट डोंगरांतल्या गांवीं कोणाला सुचलीच नसती. जेथें सकाळीं उठून धक्क्यावर कोणतें गलबत लागलें हें पाहणें हाच लोकांचा नित्यक्रम, तेथेंच ती जन्माला येते. रंगाची कथा खरी असो वा नसो, वस्तीची कथा तिच्यांत खरी उतरली आहे.

आपल्या देशांत कलकत्त्याच्या मोहन बागान संघाचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. 29 जुलै 1911 ह्या दिवशीं ह्या संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या गोऱ्या संघाला दोन गोलांस एक असें हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली, आणि अकरांपैकीं दहा खेळाडू अनवाणी खेळले, ही माहिती मुलांस तोंडपाठ असते. अनवाणी ह्या शब्दाशीं बहुतेक लेखक थांबतात, जणूं तो केवळ एक चमत्कार होता. वास्तविक बूट न घालतां फुटबॉल खेळणें ही तेव्हां बंगाली तरुणांची रोजची चाल होती. चमत्कार असा कीं, लोखंडी नाळेच्या बुटांपुढें तीच पावलें उभीं राहिलीं, आणि ज्या राज्यकर्त्यांनीं बंगाल्यांस दुबळें ठरविलें होतें त्यांच्याच खेळांत त्यांस उत्तर मिळालें. संघाचें नांवही उत्तर कलकत्त्यांतील 'मोहन बागान' नांवाच्या वाड्यावरून आलेलें आहे; 1889 सालीं तेथेंच संघाचा आरंभ झाला. एका वाड्याचें नांव साऱ्या देशाचें झालें, ह्यापेक्षां वस्ती व संघ ह्यांच्या नात्याचें दुसरें प्रमाण तें कोणतें ?

आतां आपल्या मराठी मुलखाकडे वळूं. येथें गल्लीबोळ क्रिकेटनें व्यापले आहेत. पेठेपेठेंत फुटबॉलचें वेड पाहावयाचें तर कोल्हापुरास गेलें पाहिजे. तेथील संघांचीं नांवेंच पाहावीं : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. परगांवच्या वाचकास प्रथम हेंच कोडें पडेल कीं, फुटबॉलच्या संघाच्या नांवांत तालीम कशी आली ? कुस्तीचा आखाडा आणि विलायती चेंडू ह्यांचा संबंध काय ? स्मरणिकांतून नांवांची यादी येते, ह्या प्रश्नाचा विचार सहसा येत नाहीं. आणि आमच्या मतें सर्व मर्म येथेंच आहे.

राजर्षि शाहू छत्रपतींनीं कुस्तीला जो उदार आश्रय दिला तो प्रसिद्ध आहे. 1902 सालीं ते युरोपास गेले असतां रोमचें प्राचीन क्रीडागार त्यांनीं पाहिलें, आणि पुढें कोल्हापुरांत खासबागेचें विस्तीर्ण कुस्ती मैदान बांधून घेतलें. त्या काळांत पेठेची तालीम ही केवळ लाल मातीची जागा नव्हती. पेठेंतले तरुण जेथें जमतात, वडीलधाऱ्यांचा शब्द जेथें मानला जातो, सणवार व मिरवणुकी जेथून निघतात, अशी ती संस्था होती. पुढें फुटबॉल आला तेव्हां त्याला नवें घर शोधावें लागलें नाहीं. तरुण तयार होते, शिस्त तयार होती, पेठेचा अभिमान तर ओसंडून जात होता. कुस्तींत एकच मल्ल पेठेची अब्रू राखावयास उतरे; फुटबॉलनें एकदम अकरा जणांस ती संधि दिली. 1940 सालीं कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाल्यावर ह्या चुरशीला नियमांचें व स्पर्धांचें वळण मिळालें. परका खेळ इतक्या लवकर आपलासा कसा झाला ह्याचें उत्तर तालमीच्या ओट्यावर आहे, असें आम्हांस वाटतें.

'पाटाकडील' हा एकच शब्द घ्या. पाटाच्या बाजूची ती पाटाकडील, इतका त्याचा अर्थ उघड आहे. मंगळवार पेठेंतील हजारों मुलांनीं हा शब्द मैदानावर घसा फोडून उच्चारला असेल. परंतु त्यांतील कितीजणांच्या डोळ्यांपुढें वाहत्या पाण्याचा पाट उभा राहिला असेल? नांवांत पाणी आहे, घोषांत मात्र तें उरलें नाहीं. हा पाट कोठून येई, त्यावर कोण पाणी भरी, तेथें कोणाचें काय होतें, हें ज्या वृद्धांस ठाऊक असेल त्यांस विचारून लिहून ठेवणें हें ह्या लेखनाचें खरें काम. त्याऐवजीं विश्वचषकाच्या दिवसांत, 2018 सालीं काय किंवा 2022 सालीं काय, कोल्हापुरांत ब्राझील व अर्जेंटिना ह्यांचे केवढे फलक लागले ह्याचीच वर्णनें अधिक. फलक उतरतात, पाटाची आठवण एकदां गेली कीं परत येत नाहीं.

कारण गाळून नुसता अभिमान पुरविण्याचा दुसराही एक दोष आहे, आणि तो केवळ वाङ्मयीन नाहीं. 'आमचा संघ जुना', 'आमची पेठ पहिली' अशा तुकड्यांवर वाढलेला मुलगा मैदानावर जातो तो खेळ पाहण्यास नव्हे, तर हिशेब चुकता करण्यास. दोन पेठांच्या सामन्यांत प्रेक्षकांची हुल्लड होऊन खेळाचा विचका झाल्याचे प्रसंग कोल्हापुरानें पाहिले आहेत. त्याचा सर्व दोष लेखकांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु दोन्ही पेठांचे संघ एकाच राजाश्रयानें वाढलेल्या तालीमपरंपरेंतून आले, ही गोष्ट ज्यास ठाऊक आहे त्याच्या हातांतील दगड क्षणभर तरी थबकेल असा आमचा विश्वास आहे. खऱ्या इतिहासानें अभिमान कमी होत नाहीं, त्यांतील विष मात्र उतरतें.

तसेंच गौरवाचें. 2017 सालीं सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतांत झाली, आणि भारताच्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ही माहिती योग्य अभिमानानें सांगितली जाते. परंतु त्याचा मार्ग पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींतून गेला, हें दुसरें वाक्य तिला जोडलें म्हणजे विचाराला खरी सुरुवात होते. ज्या नगरांत शेंकडों मुलें चेंडूमागें धांवतात तेथून देशाच्या संघांत जाणारे इतके थोडे कां ? वेड पेठ देते. शिकवण, आहार व पुढची वाट कोण देतें? पहिलें वाक्य टाळ्या मिळवितें, दुसरें वाक्य पालकांस जागें करतें. नियतकालिकाचें काम दुसऱ्या वाक्यावांचून पुरें होत नाहीं.

हें सर्व आम्ही बुलढाणा जिल्ह्यांत बसून लिहीत आहों, आणि कोल्हापूरकरांच्या उणिवा दाखवितांना आपल्या घरची स्थिति विसरणें बरें नव्हे. त्यांच्याकडे तुकडे तरी आहेत. आमच्याकडे तेही वेंचलेले नाहींत. आमच्या जिल्ह्याचें गॅझेटियर 1910 सालीं निघालें व दुसरें 1976 सालीं. नद्या, पिकें, देवळें, बाजार ह्यांसाठीं तीं उपयोगी आहेत. पण कोणत्या आळींतले तरुण सायंकाळीं कोठें जमत व काय खेळत, हें लिहिणें गॅझेटियराचें काम नव्हे. तें आळींतल्याच कोणी तरी लिहावयाचें असतें. बुलढाणा हें नांव 'भिल्लठाणा' ह्यावरून पडलें असें सांगतात, एवढ्यावर आमची स्थानिक विद्या बहुधा संपते.

वास्तविक सामग्रीचा तोटा नाहीं. जलंब ते खामगांव हा अवघा आठ मैलांचा लोहमार्ग 1870 सालीं सुरू झाला, ही माहिती आमच्याकडील पुष्कळांस ठाऊक असते. पण एवढ्याशा मार्गाचा खटाटोप कां ? अमेरिकेंत 1861 ते 1865 पर्यंत यादवी युद्ध चाललें, विलायतेच्या गिरण्यांचा कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या कपाशीकडे साऱ्यांचे डोळे लागले. खामगांवचा बाजार त्या कपाशीचें मोठें केंद्र होता. असा प्रश्न एकदां विचारण्याची सवय लागली कीं मग प्रत्येक पुऱ्याला, प्रत्येक आखाड्याला आणि पोरांच्या प्रत्येक संघाला तो विचारतां येईल : हे लोक ह्या वस्तींत कोणत्या कामासाठीं आले, काम सुटल्यावर कोठें बसले, कोणता खेळ खेळले, आणि खेळून घरीं आल्यावर त्यांचे चिखलानें माखलेले कपडे कोणीं धुतले ? हा शेवटचा प्रश्न विनोद म्हणून आम्ही घातलेला नाहीं. संघाच्या इतिहासांत जीं घरें कधींच येत नाहींत त्यांची ही दाद आहे.

कोणी म्हणेल, खेळाच्या गप्पांवर एवढा भार कशाला ? त्यास आमचें उत्तर असें : पेठेची गोष्ट सांगणारीं माणसें आज आहेत, उद्यां नसतील. त्यांच्यामागें रंग, नांवें व सन तेवढे राहतील, आणि प्रश्नमंजूषेंत त्यांची उत्तरें देणाऱ्या मुलास बक्षीसही मिळेल. पण त्या नांवानें कोणाला हांक मारली जात होती हें त्याला कळणार नाहीं. म्हणून ह्या लेखनाची टर उडविणाऱ्या वडिलांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं पुरवणी बाजूला न सारतां ती घेऊन मुलाशेजारीं बसावें, आणि प्रत्येक ओळीपुढें 'कां ?' एवढें एक अक्षर लिहावें. उत्तर ठाऊक असेल तें सांगावें. नसेल तर दोघांनीं मिळून आळींतल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या ओट्यावर जाऊन बसावें. असे दहा लेख कोणीं लिहून आणले, तर त्यांस ह्या पानांत जागा अपुरी पडणार नाहीं.