अपरिचित कवितेतील शब्दनिवड आणि अर्थबंध : वऱ्हाडी वाचकाच्या संदर्भात

कवितेआधी कवीची ओळख करून देण्याची प्रथा मराठीच्या अध्यापनात रूढ आहे. जन्मगाव, संग्रह, पुरस्कार सांगून झाले की कवितेतील शब्दांकडे पाहण्याची निकड उरत नाही. उर्वरित काम मार्गदर्शिकेतील तयार रसग्रहण करते. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे वगळून १३ कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथातील त्यांचे अभिप्राय पाहता, सुशिक्षित वाचकही साचेबंद प्रतिक्रियांचाच आधार घेतात, असे दिसते.

अपरिचित कवितेपुढचा पहिला प्रश्न ‘हाच शब्द का?’ हा असावा. कुंतकाने ‘वक्रोक्तिजीवित’मध्ये पर्यायवक्रतेच्या रूपाने तोच उपस्थित केला होता. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ (१९५४) या संग्रहाचे केवळ नाव घेतले तरी त्याचे महत्त्व ध्यानात येते. ‘शिट्टी’ हा पर्याय उपलब्ध होताच. परंतु शिट्टी पंचाची, आगगाडीची, कुकरचीही असते. शीळ ओठांतून निघते. ‘शिट्टी’तील जोडाक्षर आवाज तोडते, ‘शीळ’मधील दीर्घ ईकार तो लांबवतो. कवीचे चरित्र ठाऊक नसलेला विद्यार्थीही एवढे निरीक्षण करू शकतो.

वडनेर भोलजी परिसरातील विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. शाळेची ‘शाया’ होते. कवितेत ‘काळा’ आणि ‘माळा’ असे यमक असेल, तर घरच्या उच्चारात ते ‘काया’ आणि ‘माया’ असे ऐकू येते. यमक शाबूत राहते. मात्र रंग आणि हार यांच्या जागी देह आणि मोह उभे राहतात. उच्चारदोष म्हणून हे खोडून टाकणे सोपे असते, आणि बहुधा तेच केले जाते. वास्तविक, अर्थबंध म्हणजे काय हे शिकवण्याची इतकी चांगली संधी क्वचितच मिळते. प्रमाणभाषेतील कवितेवर हा दुसरा अर्थ लादता येत नाही. त्याच कवितेत माती, पिंजरा, सरण असे शब्द त्याला उचलून धरत असतील तरच तो विचारार्ह ठरतो. एरवी तो वाचकाच्या कानाचा राहतो.

कविता बोलीतच लिहिलेली असेल तर बाजू उलटते. तेथे ‘काया’ हा ‘काळा’ असू शकतो. शहरी वाचक कोश उघडेल आणि त्याला ‘देह’ हा अर्थ मिळेल. नांदुरा तालुक्यातील विद्यार्थ्याला कोश उघडण्याची गरजच पडणार नाही.