जॅझचं १९५१ साल आणि आपला ‘अलबेला’

जॅझच्या इतिहासातलं एकच वर्ष घेऊन बोलायचं, तर न्यू यॉर्कचं एखादं साल उचलणं सोपं होतं. आम्ही १९५१ घेतलं, आणि शहर घेतलं मुंबई. त्या वर्षी ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक, नायक तिन्ही एकच, भगवान आभाजी पालव. जन्म १९१३ चा, अमरावतीचा, गिरणी कामगाराच्या घरातला. तेव्हा अमरावती-अकोला मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूर. पण वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत जात होता, आणि मुंबईचा सिनेमा उलट दिशेनं इकडे येत होता.

‘अलबेला’ची गाणी म्हणजे साहेबी चालींची उचल, असं आजही सर्रास म्हटलं जातं. सी. रामचंद्रांवर हा शिक्का जुनाच आहे. १९५० च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ एडमंडो रॉसच्या गाण्यावर बेतलेलं आहे, हे नाकारायचं कारण नाही. पण ‘चाल कुठून आली’ या प्रश्नापाशीच टीका थांबते हे आम्हाला पटत नाही. ती चाल वाजवली कोणी, ते विचारा ना!

वाजवली गोव्याच्या लोकांनी. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरं लहानपणीच नोटेशन वाचायला शिकत. अशी वाचणारी, वाजवणारी माणसं मुंबईच्या हॉटेलांत होती, तेव्हाच अमेरिकेतले काळे कलावंत तिथं आले. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा बँड ताजमहाल हॉटेलात उतरला, मग टेडी वेदरफोर्ड आला. त्यांच्याकडून ऐकून, त्यांच्या शेजारी बसून आपल्या लोकांनी जॅझ उचललं. हळदोण्याचे अँटोनिओ झेवियर वाझ ट्रम्पेट वाजवून ‘चिक चॉकलेट’ झाले. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. हे चिक रामचंद्रांचे सहायक होते. ‘अलबेला’त ते नुसते ऐकू येत नाहीत, दिसतातसुद्धा. ‘दीवाना परवाना’ गाण्यात झालरीच्या बाह्यांचे कपडे घालून उभा असलेला तो ताफा त्यांचा.

आता सालाकडे येऊ. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा, अंमल १९५० पासून. हॉटेलांतल्या नाचाच्या रात्रींची कमाई आटू लागली, आणि वादकांच्या पोटाचा भार स्टुडिओवर आला. तिकडे अमेरिकेतही मोठ्या बँडचे दिवस भरले होते. काउंट बेसीसारख्या माणसाला १९५० मध्ये आपला मोठा ताफा मोडून छोट्यावर यावं लागलं, मोठा पुन्हा उभा राहिला तो १९५२ ला. म्हणजे १९५१ साली स्विंगचा भरगच्च आवाज त्याच्या जन्मगावी थकलेला होता, आणि आपल्याकडे टॉकीजमध्ये आठ आण्याच्या पब्लिकला तो नवाकोरा मिळत होता. पुढच्या वर्षी केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना ओहोटी लागली. या दोन बंद्यांच्या मधली ही फट.

पण मग हे जॅझ का? इथं आम्ही तारीफ आवरती घेतो. जॅझचा प्राण उपजेत आहे. उपज म्हणजे काय हे वऱ्हाडच्या श्रोत्याला वेगळं सांगावं लागत नाही. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. त्यांची एक तान कोणी कागदावर लिहून ठेवली आणि दर वेळी तीच, तशीच गायला सांगितली, तर? सिनेमात जॅझचं तेच झालं. साडेतीन मिनिटांची रेकॉर्ड, मध्ये दोन कडव्यांच्या फटीत चार-आठ मात्रांचा तुकडा, तोही आधी लिहिलेला. ‘शोला जो भडके’त बोंगो आहे, क्लॅरिनेट आहे, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आहे, रंग तर लॅटिनकडे झुकलेला. पण वाजवणाऱ्याला ‘आता तुझं बोल’ असं कोणी म्हणत नाही. आणि वर त्या काळच्या रेकॉर्डच्या लेबलावर वादकांची नावंही नसत. ज्या कलेत माणूस त्याच्या फुंकरीवरून ओळखला जायचा, त्या कलेचे लोक इथं बिननावाचे झाले. चाल उचलल्याचा गवगवा आम्ही पुष्कळ केला, नावं गेल्याचा कोणी केला नाही.

रामचंद्रांचं मोठेपण आम्हाला दुसरीकडे दिसतं. हा पुणतांब्यात जन्मलेला, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला माणूस एकाच चित्रपटात ‘शोला जो भडके’ही देतो आणि ‘धीरे से आजा’सारखी अंगाईही. दोन्हीकडे त्याचा सूर सोपा, एका ऐकण्यात तोंडात बसणारा. वाद्यं कितीही परकी असोत, गाणारा ‘चितळकर’ तुमच्या गल्लीतला वाटतो.

आणि भगवान! अंगानं जाड, उंचीनं बेताचा. पाय जवळजवळ जागचे हलत नाहीत, काम सगळं खांदे आणि मनगटांचं. हॉटेलातल्या फॉक्सट्रॉटला गुळगुळीत फरशी लागते आणि बाईचा हात हातात लागतो. भगवानचा नाच दीड हात मातीत होतो, गर्दीत होतो, एकट्यानं होतो. म्हणून तो वरातीत गेला. आमच्या मते ‘अलबेला’तला खरा शोध हाच. स्विंगचा ठेका ज्यांना नाचघरात कधी पाऊल टाकता आलं नसतं, त्यांच्या अंगात त्यानं घातला.

त्या मागोमाग गाणी बँडवाल्यांकडे गेली. अकोल्याच्या, अमरावतीच्या वरातीत ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ताशा एकत्र वाजतात; बँडवाल्यापुढं कागद नसतो, गाणं कानावरून बसवलेलं असतं. नवरदेवाचे मित्र सोडत नाहीत, मग तो तोच तुकडा ओढतो, वर नेतो, मध्येच स्वतःचं काहीतरी घुसवतो, नाचणारे थकले की मूळ चालीवर येतो. स्टुडिओनं लिहून गोठवलेला तुकडा तिथं पुन्हा सुटा होतो. लग्नसराईत रस्ता अडला म्हणून आपण हॉर्न वाजवतो, त्याऐवजी एकदा त्या ट्रम्पेटवाल्याकडे कान द्या.

आता रेकॉर्ड लावतो. शब्दांकडे लक्ष देऊ नका, ते तुम्हाला पाठ आहेत. दोन कडव्यांच्या मध्ये काय वाजतं तेवढं ऐका.